इरिडियमच्या नावाखाली निकेलचे प्लग

मुंबईत इरिडियम या टणक धातूच्या टोकाचे स्पार्क प्लग (इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे) घेणार असाल आणि दुकानदार स्वतःहून 'पिकअप वाढेल, मायलेज वाढेल' म्हणत असेल, तर आधी माझा अनुभव वाचा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी प्लग घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने नामांकित जपानी कंपनीचा बॉक्स काढला. बाहेर सातशेचा नग चारशेला देतो, म्हणाला. बिल मागितलं, तर 'मग जीएसटी लागेल' म्हणत कच्च्या चिठ्ठीवर चार नगांचे सोळाशे लिहून दिले.

महिनाभर गाडी बरी चालली. मग ऐन पावसात मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणं) सुरू झालं, झटके बसायला लागले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा लुकलुकत असताना गाडी अजिबात रेटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि तो खर्च प्लगला व्होल्टेज देणाऱ्या इग्निशन कॉइलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

मिस्त्रींनी प्लग काढले आणि लगेच ओळखले. इरिडियम प्लगचं मधलं टोक 0.4 ते 0.6 मिमी असतं, साध्या निकेलचं साधारण 2.5 मिमी. आमच्या प्लगचं टोक निकेलचंच होतं, पुढून घासून बारीक केलेलं. निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम सुमारे 2446 अंशांना. इतकं बारीक निकेल सिलिंडरमधल्या उष्णतेत आणि ठिणग्यांत टिकणार कसं? टोकं झिजून गोल झाली होती, गॅप, म्हणजे ठिणगी ज्या फटीत पडते ती, वाढला होता. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो ताण इग्निशन कॉइलवर येतो. आमची एक कॉइल गेलीच. मिस्त्रींनी मल्टिमीटरही लावला. प्लगच्या कोडमध्ये 'आर' होता, म्हणजे आत साधारण 5 किलो-ओहमचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) हवा; मीटरवर शून्य!

मग इरिडियम घ्यावेत की नाही? अस्सल मिळत असतील तर घ्यावेत, पण टिकाऊपणासाठी. निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावे लागतात, इरिडियम लाखाच्या आसपास जातात. प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) काढावा लागतो अशा गाडीत मजुरीतच पैसे वसूल होतात. कंपनीने मुळात इरिडियम दिले असतील तर तेच टाका. पण ठणठणीत साध्या इंजिनात नुसत्या प्लगने ताकद वाढत नाही. ताकदीच्या नावावर प्लग विकणारा एक तर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

खरेदी कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे करा, पक्कं बिल घ्या. हीट रेंजसकट (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) पूर्ण कोड मॅन्युअलशी जुळवा. पोर्सेलिनवरची (पांढऱ्या चिनी मातीच्या भागावरची) छपाई पुसट आहे का, मधलं टोक वाकडं आहे का, आटे खडबडीत आहेत का, हे दुकानातच बघा. गॅरेजमध्ये बदलून घेत असाल तर समोर उभे राहा आणि काढलेले जुने प्लग परत मागा. जुनेच साफ करून पुन्हा बसवणारेही आहेत.

दुकानदाराने 'बिल दाखवा' म्हणत हात वर केले. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे व्यवहाराची नोंद, चिठ्ठी आणि प्लगचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. चारही प्लग मी जपून ठेवले आहेत. तुमच्याकडेही असा माल आला असेल तर तो फेकू नका, पुरावा म्हणून लागेल.