पेलेटच्या पोत्यात माती निघाली

भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे, वडलांपासूनची, बाभळीच्या लाकडावर चालणारी. लाकूड महागलं, वेळेवर मिळेनासं झालं, आणि गेल्या उन्हाळ्यात एक एजंट दारात येऊन बसला. "मामा, पेलेटवर या. धूर नाही, फुंकत बसायला माणूस नाही." पेलेट म्हणजे भुसा नाहीतर काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या.

यंत्र ८५,००० रुपयांचं. शेडबाहेर उभं करायचं, वर पेलेट ओतायचा हॉपर, खाली स्क्रूची मोटर पेलेट पुढं ढकलते, ब्लोअर हवा देतो. शेजारच्या गावात चालू असलेलं त्यानं नेऊन दाखवलं. यंत्र खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. अट एकच होती, पेलेट त्याच्याकडूनच घ्यायचे, नाहीतर वॉरंटी गेली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिली २० पोती झकास निघाली. लाकडाच्या भुशाची, चकाकणारी, बोटांनी मोडता मोडेनात अशी. दुसरी खेप ऐन श्रावणात आली, पेढेवाल्यांचा तगादा असतो तेव्हा. चार दिवसांत जाळाच्या भांड्यात खंगर धरायला लागला, वीटभट्टीत धरतो तसा, काचेसारखा. हवेची भोकं बुजायची, आच पडायची आणि अर्धवट आटलेलं दूध कढईत तसंच रेंगाळायचं. खवा लालसर व्हायचा, भाव पडायचा. मग स्क्रू अडकला नि मोटर जळाली. ६,५०० रुपये.

एजंट आला, हॉपरचं झाकण उचलून म्हणाला, "राख रोज काढत नाही तुम्ही. झाकण उघडं ठेवता. पाणी गेलंय आत."

एका रात्री झाकण खरंच उघडं राहिलं होतं. सकाळी पेलेट फुगून सगळा लगदा झालेला. त्यामुळं मी गप्प बसलो. माझी एक खरी चूक त्याच्या हाती लागली आणि बाकीचं सगळं त्यानं तिच्यावरच टांगलं. दोन महिने मी रोज राख काढत होतो, भोकं तारेनं साफ करत होतो, आणि पोती त्याचीच आणत होतो.

पकडलं ते बायकोनं. भट्टीची राख ती भांडी घासायला नेते. एक दिवस म्हणाली, "अहो, ह्या राखेत वाळू हाय का? पातेल्याला ओरखडे पडलेत."

मग एक किलो पेलेट तोलून पत्र्याच्या डब्यात पार जळू दिले, आणि थंड झाल्यावर राख तोलली. २१० ग्रॅम! लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख किलोला १०-२० ग्रॅम असते. शेतातल्या काडीकचऱ्याचे असले तर जास्त, पण सहसा इतकी नाही. दोन पेलेट पाण्याच्या पेल्यात टाकले, तर भुसा वर आला आणि तळाशी गाळ बसला. पोत्यात माती कालवली होती. वजन वाढतं ना! काडीकचऱ्यातली क्षारं आणि मातीतली वाळू तापली की वितळून एकत्र होतात, त्याचाच तो खंगर.

फोन केला तर आधी "बघतो मामा", मग नंबर बंद.

बिल मागितलं नव्हतं, कच्च्या चिठ्ठ्या आहेत. वॉरंटीची अट तोंडी. तरी पैसे फोनवरून पाठवलेले, त्याची नोंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल तर बसते. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते.

आता पेलेट दुसरीकडून आणतो. प्रत्येक खेपेतलं एक पोतं फोडून, किलोभर जाळून, राख तोलून मगच बाकीची उतरवून घेतो. गाडीवाला कुरकुरतो, थांबतो. जुन्यातली ११ पोती उरलीत. दोघंजण स्वस्तात मागायला आले होते, दिली नाहीत. त्यातलं एक पोतं तोंड शिवून, तारीख टाकून तक्रारीसाठी ठेवलंय.