निळ्या आभाळासाठी घेतलेला सीपीएल फिल्टर: अकरा महिन्यांनंतर

घाई असेल त्यांनी एवढंच वाचून निघावं: नाशकात राहून पावसाळ्यात जंगलाचे आणि रानफुलांचे फोटो काढत असाल तर सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे बसवून फिरवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) जरूर घ्या. आभाळ निळंशार यावं म्हणून घेत असाल तर राहू द्या, त्या पैशांत त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या दहा चकरा होतील. मी नेमका त्या दुसऱ्या कारणासाठी घेतला होता.

ब्रँडचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे त्याच्याबद्दल थोडी कुरकुर आहे आणि एका नगावरून कंपनी ठरवू नये. ५८ मिमी व्यासाचा, साधारण २,२०० रुपयांचा. त्याआधी ऑनलाइन सहाशेचा एक मागवला होता, त्याने प्रत्येक फोटोवर चहा सांडल्यासारखी छटा आणली. दुकानात घेताना एक गोष्ट करा. मोबाईलची स्क्रीन पांढरी करा, फिल्टर लेन्सवर बसतो त्याच दिशेने डोळ्यापुढे धरा आणि फिरवा. एका जागी स्क्रीन काळी पडली पाहिजे. मग फिल्टर उलटा धरा. आता कितीही फिरवला तरी स्क्रीन काळी होत नाही, फक्त रंग जरा इकडेतिकडे होतो. उलट्या बाजूनेही काळी झाली तर तो सर्क्युलर नाही, साधा लिनिअर आहे आणि डीएसएलआरच्या ऑटोफोकसला तो गोंधळात टाकू शकतो. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू द्या.

खरी ओळख झाली ऑगस्टमध्ये, अंजनेरीच्या वाटेवर. पाऊस नुकताच थांबलेला, आभाळ सगळं भरलेलं, निळं औषधालाही नाही. फिल्टर काढायचा कंटाळा म्हणून लेन्सवर तसाच राहिला होता. समोर ओलंगच्च रान, पण व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिलं तर पानं हिरवी कमी आणि पांढरी जास्त. प्रत्येक ओल्या पानावर ढगाळ आभाळाची चकाकी बसलेली असते. डोळा ती सोडून देतो, कॅमेरा सोडत नाही. सहज फिल्टरचं कडं फिरवलं आणि एकेक पान विझत गेलं. म्हणजे चमक विझली आणि खालचा रंग वर आला. पोपटी, काळपट, शेवाळी, एकाच फांदीवर चार हिरवे. कातळावरचं पाणी दिसेनासं झालं आणि त्याखालचं शेवाळ दिसायला लागलं.

बकऱ्या घेऊन चाललेले एक बाबा मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. "काय दिसतंय रे भाऊ त्यात?" म्हणाले. फिल्टर काढून त्यांच्या हातात दिला, म्हटलं डोळ्याला लावा आणि गोल फिरवा. दोनदा फिरवून परत देत म्हणाले, "पाला पुसल्यावानी दिसतोय की." मी याहून चांगलं वर्णन अजून वाचलेलं नाही.

कारण सोपं आहे. पानाच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश बराचसा एकाच प्रतलात कंप पावतो आणि फिल्टर तेवढाच अडवतो. पाण्याला लंब असलेल्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपास हा परिणाम सगळ्यात जोरकस असतो. म्हणून अगदी वरून खाली वाकून फोटो काढलात तर फारसा फरक पडत नाही, जरा तिरपं उभं राहावं लागतं. यासाठी ऊन लागत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. धातूच्या चकाकीवर मात्र याची मात्रा चालत नाही.

किंमत मोजावी लागते ती उजेडात. दीड ते दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा). म्हणजे दोन स्टॉप गेले तर १/६० सेकंदावर निघणारा फोटो १/१५ वर येतो. झाडीत आधीच अंधार, त्यात हे. ट्रायपॉड नसेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० धरूनच चाला, आणि वारा असेल तर ट्रायपॉडसुद्धा काही करू शकत नाही. तेरडा तर नुसता श्वास सोडला तरी हलतो.

फुलांसाठी मी फिल्टर निम्म्या वेळा काढूनच ठेवतो. कळलावीला उपयोग होतो, कारण तिची पानं तुकतुकीत असतात आणि त्या पानांची वेलीसारखी वळलेली टोकं चमकेत हरवून जातात. सोनकीच्या पिवळ्या उतारांनाही थोडा उठाव येतो. पण कंदीलपुष्प समोर असेल तर सरळ काढा. अंजनेरीच्या नावावरूनच ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात इथलीच. या जातीच्या फुलाची गंमतच उजेड आरपार जाण्यात आहे. खाली फुगीर, वर नळी, नळीत आत वळलेले केस. बारीक माशी आत उतरते, केसांमुळे परत वर येता येत नाही, ते केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. मागून प्रकाश आला की भिंती कंदिलाच्या काचेसारख्या उजळतात. तिथे पुसायला चकाकीच नसते, फिल्टर फक्त उजेड खातो. (एक विनंती: अशा फुलाची जागा फोटोखाली लिहू नका. मागच्या वर्षी एका झुडपाभोवतीचं गवत चार दिवसांत सपाट झालेलं पाहिलं. तुडवणारे सगळे निसर्गप्रेमीच होते.)

पहिने परिसरात सप्टेंबरमध्ये माझी फजिती झाली. ऊन पडलं, धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं. मी सवयीने कातळावरची चमक मारायला कडं फिरवलं आणि इंद्रधनुष्य गायब! आधी वाटलं ढग आला. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित, म्हणजे बराचसा एकाच प्रतलात कंप पावणारा, असतो, त्यामुळे फिल्टर त्यालाही पुसून टाकतो. परत फिरवून आणेपर्यंत खरंच ढग आला.

आता ज्यासाठी घेतला ते आभाळ. ऑक्टोबरच्या शेवटी, हवा धुतलेली असताना, पहाटे त्र्यंबकला गेलो. ब्रह्मगिरीच्या कड्यावर कोवळं ऊन, वर निळं आभाळ, फिल्टर कितीही फिरवला तरी ढिम्म. झालं असं की गावातून ब्रह्मगिरी पश्चिमेला आणि सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी. फिल्टरचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर चालतो, सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला नाही. तर्जनी सूर्याकडे धरून अंगठा ताठ करा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथे जाईल तिथलं आभाळ गडद होतं. मग उत्तरेकडे वळलो, तर लेन्सच्या १८ मिमी या रुंद टोकावर आभाळाचा इतका मोठा तुकडा येतो की मधोमध शाईसारखा डाग आणि दोन्ही कडा फिक्या. पस्तीसच्या पुढे झूम केलं तर चालतं. बाकी आभाळ संगणकावरच निळं करा.

हिवाळ्यात तो बॅगेतच असतो. निफाडकडे पारा सहा-सात अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो, द्राक्षबागांत बागायतदार शेकोट्या पेटवतात, तो धूर आणि धुकं मिळून वेलींच्या ओळींवर तरंगत राहतं. त्या धुक्यातले थेंब मोठे, त्यांच्याकडून येणारा प्रकाश फारसा ध्रुवित नसतो, त्यामुळे हाती काही लागत नाही आणि पहाटेचे दोन स्टॉप मात्र जातात. नांदूर मधमेश्वरला तर उलटंच. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही पाणथळ. जानेवारीत तिथल्या संथ पाण्यात बाभळींची प्रतिबिंबं हाच फोटो असतो. मी फिल्टर लावून प्रतिबिंब पुसलं आणि तळाचा चिखल टिपला. तेव्हापासून लावत नाही. मार्चमध्ये पेठ-हरसूल रस्त्यावर पळस फुलला की पुन्हा थोडा लावतो.

आता कुरकुर. माझ्या जुन्या किट लेन्सचं (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) पुढचं तोंड फोकस करताना फिरतं, त्यामुळे दर वेळी आधी फोकस, मग मॅन्युअलवर टाकून कडं जुळवायचं. उलट क्रमाने केलं की सगळं बिघडतं. हा फिल्टरचा दोष नाही, पण घेण्याआधी आपली लेन्स तपासा. दुसरं, भर पावसात तो लेन्सवर घट्ट अडकला. जितकं दाबावं तितकं कडं आणखी आवळतं. शेवटी बायकोने कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं, कड्याभोवती दोन वेढे दिले आणि हलक्या हाताने सोडवला. "बरणीचं झाकण असंच निघतं," म्हणाली. ते रबर आता बॅगेतच असतं.

तिसरी गोष्ट खरी खटकली. मे महिन्यात उजेडात धरला तर कडेला नखाएवढा दुधाळ चट्टा. दोन काचांमधल्या थरात ओल शिरली असावी. पावसाळाभर मीही तो ओलाच डबीत कोंबत होतो, त्यामुळे सगळा दोष त्याला देता येत नाही. दुकानदाराने हात वर केले. फोटोत अजून काही दिसत नाही, पण पसरणार हे नक्की.

दुसरा घेतलाय, यावेळी ६७ मिमीचा आणि ५८ वरून ६७ ची रिंग, म्हणजे पुढची लेन्स मोठी आली तरी चालेल. जुना आहे तो या पावसात पुतण्याला देणार. नवा मात्र घरी आल्यावर फडक्यावर रात्रभर सुकवायचा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद करायचा. पुड्या बुटांच्या खोक्यांतून जमवायला सुरुवात केलीय.