टेक इट डाउन: फोटो कुणाला न दाखवता काढायची सोय

जुळे सोलापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वेबसाइटबद्दल लिहिणं हे काही माझं काम नाही. पण भाचीसाठी ‘टेक इट डाउन’, म्हणजे अल्पवयीन मुलांचे नको ते फोटो नेटवरून काढायला मदत करणारी वेबसाइट, वापरावी लागली, आणि मला त्याबद्दल मराठीत धड काही सापडेना, म्हणून लिहिते.

भाची १५ वर्षांची, दहावीला. जानेवारीत गड्ड्याला (आमची सिद्धेश्वराची जत्रा) होम मैदानावर आकाशपाळण्यापुढे तिनं एक रील केलं, खणाचं परकर-पोलकं घालून (पोलकं मी शिवलेलं). ते ४० हजार वेळा बघितलं गेलं. मग पोरगी जेवताना पण आकडाच बघायला लागली. चार दिवसांत मुंबईच्या ‘कास्टिंगवाल्या मॅडम’चा मेसेज आला. मॅडमनी आठवडाभर नुसतं कौतुक केलं. मग बोलणं दुसऱ्या ॲपवर नेलं, ‘घरी इतक्यात सांगू नकोस, सिलेक्शन झाल्यावर सरप्राइज दे’ म्हणून पढवलं, आणि स्क्रीन टेस्टच्या नावाखाली फोटो मागायला सुरुवात केली. जाऊ नये असा एक फोटो गेला. त्याच रात्री धमकी आली, आणखी पाठव नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो. ‘टाकते’चं ‘टाकतो’ झालेलं तिच्या लगेच लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

वहिनीनं आधी दोन लगावल्या. नंतर दोघी माझ्या दुकानात येऊन रडत बसल्या.

‘टेक इट डाउन’ ही सोय अमेरिकेतली एनसीएमईसी नावाची, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते. संस्था १९८४ पासूनची, सोय २०२३ मधली, सुरुवातीचा पैसा मेटानं (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) दिलेला. फुकट आहे. नाव द्यावं लागत नाही. फोटोतल्याचं वय तेव्हा १८च्या आत असलं पाहिजे. मोठ्या माणसांसाठी स्टॉपएनसीआयआय म्हणून वेगळी आहे. मला सगळ्यात आवडलं ते हे, की फोटो कुणाला पाठवायचाच नाही. आपल्याच फोनवर फोटो निवडायचा, त्यावरून आकडे-अक्षरांची एक खूण तयार होते, तिला हॅश म्हणतात, आणि फक्त ती खूण पुढे जाते. माझ्या मापाच्या वहीसारखं आहे हे. छाती, कंबर, बाही एवढ्यावरून ब्लाउज कुणाचा ते मी ओळखीन, पण वही वाचून बाईचा चेहरा कुणाला दिसणार नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट असे यात सामील असलेले प्लॅटफॉर्म ती खूण घेऊन आपल्याकडे तसा फोटो आहे का ते तपासतात. भाचीनं स्वतःच्या फोनवरून, माझ्याकडे पाठ करून, सगळं केलं. फोटो मी पाहिला नाही, माझ्या फोनवर घेतला तर अजिबातच नाही. असला फोटो जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो.

आता उणं. माप दोऱ्याएवढं बदललं तरी वही चुकते, तसंच इथं. कुणी फोटो कापला किंवा वर इमोजी चिकटवला की खूण जुळत नाही, नवी करावी लागते. जे प्लॅटफॉर्म सामील नाहीत तिथं उपयोग नाही, आणि व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद गप्पांमध्ये पण नाही. आम्हाला भीती होती ती नेमकी शाळेच्या ग्रुपची! शिवाय यानं माणूस पकडला जात नाही. ते काम पोलिसांचं. त्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळी तक्रार केली; तिथं बायका-मुलांच्या तक्रारीला नाव न देण्याची पण सोय आहे, आम्ही नाव देऊनच केली. दादा आधी ‘बोभाटा होईल’ म्हणून अडून बसला होता. पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलीची ओळख उघड करता येत नाही हे कळल्यावर आला. एक सांगते, रागाच्या भरात चॅट पुसू नका. वहिनी पुसायलाच निघाली होती, मी हातातून फोन काढून घेतला. त्या स्क्रीनशॉटवरच तक्रार उभी राहिली.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा निव्वळ त्या न दाखवण्याचा, कारण ‘फोटो दाखव’ म्हटलं असतं तर पोरगी दुकानाच्या बाहेर पळाली असती.

फोटो अजून कुठं दिसलेला नाही. तपास चालू आहे. भाची हल्ली शाळा सुटली की माझ्याकडे हूक लावायला बसते. परवा मान खाली घालूनच विचारलं, ‘आत्या, गड्ड्याचं रील पण काढून टाकू का गं?’

म्हटलं, ते कशाला? पोलकं काय झकास बसलंय त्यात.