सेंट्री: आठ महिने वापरल्यानंतर

बेळगावात शहापूरच्या एका कुंद्याच्या दुकानासाठी घाऊक ऑर्डरींचं वेब अ‍ॅप मी सांभाळतो. मागं सर्व्हरवर जँगो (पायथन भाषेतली वेब-चौकट), पुढं ब्राउझरमध्ये साधं जावास्क्रिप्ट. आधी बिघाड कळायचा तो फोनवरूनच, "तुमची साईट चालंना की हो!" आणि फोन तरी सगळे कुठं करतात? बरेच जण गुपचूप दुसरीकडून माल उचलतात.

म्हणून सेंट्री घेतलं, म्हणजे अ‍ॅपमध्ये कुठं चूक (एरर) झाली की ती टिपून आपल्याला कळवणारी सेवा. बसवायला अर्धा तासही लागला नाही. पहिल्याच आठवड्यात एकच एरर ३७ वेळा दिसला. सारख्या चुका ते एका गठ्ठ्यात बांधतं म्हणून नजरेत भरला, सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, तो इकडंतिकडं विखुरलेला होता. खोक्यांच्या संख्येच्या जागी सर्व्हरला 'नल', म्हणजे रिकामी किंमत, येत होता. रकान्यात नेमकं काय टाइप होतंय तेही एररसोबत पाठवायला लावलं, तर दुसऱ्या दिवशी उत्तर समोर: '१२'. देवनागरीत! निपाणीचं गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवरून आकडे टाकत होतं, गोकाकचं कन्नड. मजकुराचा आकडा करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला हे आकडे कळत नाहीत, तो 'नॅन' (हा आकडाच नाही) देतो. आणि सर्व्हरला पाठवायला माहितीचं जेसन (मजकुराचा एक ठरलेला साचा) होताना 'नॅन'चा 'नल' होतो. तेच काम करणाऱ्या पायथनच्या 'इंट'ला मात्र देवनागरी, कन्नड दोन्ही समजतात. ब्राउझरमध्येच आकडा करून पाठवायचा शहाणपणा मी केला नसता तर काही बिघडलंच नसतं. जन्म सीमाभागात गेला आणि हे सुचलं नाही!

कचराही भरपूर येतो. ब्राउझरच्या एक्स्टेंशनांच्या चुका, खानापूरकडं पावसात रेंज गेली की तुटलेल्या रिक्वेस्ट. फिल्टर लावल्याशिवाय खरी चूक सापडत नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला ५,००० एरर आणि एकच लॉगिन. गणपतीच्या गडबडीत माझ्याच कोडमधल्या एका लूपनं (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या तुकड्यानं) तो कोटा एका रात्रीत संपवला. पुढचे दिवस आंधळी कोशिंबीर. आता एकच चूक ठरावीक वेळाच पाठवतो. एररसोबत गिऱ्हाइकांचे फोन नंबर जात होते, ते 'बिफोर सेंड'मध्ये, म्हणजे एरर सेंट्रीला जाण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, पुसून टाकतो. हे पहिल्याच दिवशी करा.

माझा सगळीकडं ट्राय-कॅच (चूक झाली तर ती पकडणारा कोड) लावून गप्प बसायचा जुना रोग मात्र सेंट्रीनं बरा होत नाही. गिळलेली चूक त्याला दिसणार कशी? ते सगळे कॅच काढले. आता काही फुटलं की पानावर मराठी-कन्नडमध्ये दोन ओळी येतात, खाली एररचा नंबर. परवा निपाणीहून फोन आला तो थेट नंबर वाचूनच.