वर्गात काय चालले आहे ते घरी कळते का? एका शालेय अ‍ॅपचा दोन वर्षांचा अनुभव

माझी मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेने पालकांशी संपर्क ठेवण्यासाठी एक मोबाइल अ‍ॅप वापरायला सुरुवात केली. आता तिचे तिसरीचे वर्ष संपत आले असून त्या अ‍ॅपविषयी नीट काही सांगता येईल इतका अनुभव गाठीशी जमला आहे. शाळेची ओळख उघड होऊ नये म्हणून अ‍ॅपचे नाव येथे देत नाही; परंतु २०११ साली सुरू झालेले क्लासडोजो किंवा त्यानंतर आलेले सीसॉ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या जातीच्या अ‍ॅपची ठेवण लगेच लक्षात येईल. सर्वांसाठीचा सूचनाफलक, वर्गशिक्षिकांशी खासगी बोलण्याची सोय, मुलांना मिळणारे तारे आणि मुलाने केलेल्या कामाची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे जिथे साठत जातात ती ‘कामाची वही’, असे त्याचे चार भाग आहेत.

हे अ‍ॅप फोनमध्ये ठेवावे ते कामाच्या वहीसाठी. दुसरीत असताना एका संध्याकाळी त्या वहीत मुलीच्या पाटीचे छायाचित्र आले. त्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण होते आणि उत्तर ३५ लिहिलेले होते. हेच उत्तर कागदी वहीत लाल फुलीसह दिसले असते, तर ‘लक्ष देऊन करत जा’ एवढे बोलून मी मोकळी झाले असते. येथे मात्र छायाचित्राला तिच्याच आवाजातले अर्ध्या मिनिटाचे स्पष्टीकरण जोडलेले होते: ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच राहिले. मग पाचातून दोन गेले, तीन राहिले.’ तिचे लक्ष मुळीच उडालेले नव्हते. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली, असा एक नियम तिने स्वतःच बसवला होता आणि तो ती इमानेइतबारे पाळत होती. खाली बाईंनी तीन ओळी लिहिल्या होत्या: ‘दशक सुटा करण्याची पायरी अजून पक्की झालेली नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सत्तावीस काड्या मागा. या आठवड्यात वहीत उदाहरणे घालू नका.’ पहिले दोन दिवस ती ‘सुट्या काड्या पुरत नाहीत’ म्हणून हटून बसली आणि तिसऱ्या दिवशी, मी काही न बोलता, तिने एका गठ्ठ्याचे रबर काढले.

प्रगतिपुस्तकात हीच बाब ‘वजाबाकी: सराव आवश्यक’ अशी आली असती आणि तीही सत्र संपल्यावर, म्हणजे वर्ग पुढच्या पाठावर गेल्यानंतर. पालकसभेत दहा-पंधरा मिनिटांत जे बोलणे होते त्यात इतक्या बारीक गोष्टीला जागाच नसते.

पालकांना काय कळवावे याबद्दल मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या अमेरिकी संशोधकांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. मुले मोठी, माध्यमिक शाळेतली होती, तरी मुद्दा आपल्या कामाचा आहे. उन्हाळी वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या काही पालकांना शिक्षकांकडून आठवड्याला एकच वाक्य पाठवले गेले, आणि अभ्यासक्रम पूर्ण न करू शकलेल्यांचे प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आले. मूल काय चांगले करते हे सांगणाऱ्या वाक्यांपेक्षा त्याला काय सुधारता येईल हे सांगणाऱ्या वाक्यांचा परिणाम अधिक झाला. आमच्या बाईंच्या त्या तीन ओळी नेमक्या याच दुसऱ्या प्रकारात बसतात.

दुर्दैवाने अ‍ॅपची रचना अशा ओळींना मागे ढकलणारी आहे. एकदा कुतूहल म्हणून मी आठवडाभर आलेल्या सूचना मोजल्या. त्या २३ होत्या: गणवेश, रंगीत कागद, बसची वेळ, कोणाची तरी हरवलेली पाण्याची बाटली, आणि वर्गाच्या सामूहिक छायाचित्रावर इतर पालकांनी दिलेले अंगठे. शिकण्याविषयी त्यांत दोनच होत्या. फोन सगळ्यांसाठी सारखाच वाजतो, त्यामुळे माणूस हळूहळू सगळ्यांकडेच दुर्लक्ष करू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन कामाची वही वगळता बाकी भागांचा आवाज बंद करता येतो, पण ती सोय इतकी आत दडवली आहे की मला ती सापडायला चार महिने लागले. नव्याने अ‍ॅप घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे करून टाकावे. बसची वेळ बदलली तर ते दुसरा कोणी पालक सांगतोच.

ताऱ्यांविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. कामाच्या वहीतील प्रत्येक नोंदीला पाचपैकी तारे देण्याची सोय आहे आणि ते शिक्षिकेच्या शेऱ्याच्या वर, मोठ्या आकारात दिसतात. मुलगी अ‍ॅप उघडे, तारे मोजे आणि बंद करी. खरे सांगायचे तर मीही तेच करू लागले होते. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना फक्त शेरे, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही दिले होते. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचे काम सुधारले व गोडी टिकली. शेऱ्यासोबत गुणही मिळाले त्यांना मात्र शेऱ्याचा लाभ झाला नाही. तिसरीच्या बाईंनी तारे बंदच करून ठेवले आहेत. त्यानंतर पहिले काही दिवस घरात थोडी नाराजी होती, मग शेरे वाचले जाऊ लागले. शिक्षकाला हा भाग बंद करता येतो हे अ‍ॅपच्या बाजूने नोंदवायला हवे. (एवढे बोलून झाल्यावर मीच या अ‍ॅपला तारे देणे शोभणार नाही, म्हणून देत नाही.)

संदेश आपोआप मराठीत करून दाखवण्याची सोयही आहे. घरी प्रत्येकाला शाळेची भाषा येतेच असे नाही, त्यामुळे ती उपयोगी आहे. मात्र ‘मेज क्रमांक ७ चा सराव करून यावे’ अशी सूचना आल्यावर सातचा पाढा विचारायचा आहे हे समजायला आम्हाला बराच वेळ लागला. खासगी संदेशांचा भाग व्यवस्थित चालतो. शिक्षकांना शांत वेळ ठरवता येते आणि त्या वेळेत पाठवलेला निरोप त्यांच्याकडे सकाळीच पोहोचतो, हे मला फार पटले.

शिक्षकांवरील भाराचा विचार केल्याशिवाय अशा अ‍ॅपची शिफारस करणे योग्य नाही. तीसहून अधिक मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे छायाचित्र काढायचे म्हटले तर शिकवायला वेळ उरणार नाही. दुसरीच्या बाईंनी यावर साधा उपाय केला होता: कोपऱ्यात एक टॅब्लेट ठेवलेला असे, मुले पाळीपाळीने आपल्या कामाचा फोटो काढून त्याविषयी बोलत, आणि बाई रोज दोन-तीन मुलांसाठीच ओळी लिहीत. त्यामुळे प्रत्येक घरी साधारण तीन आठवड्यांनी नोंद येई. हे पुरेसे आहे. रोज नोंद हवी असा आग्रह धरणाऱ्या पालकांना रोज फक्त छायाचित्र मिळेल.

शेवटची गोष्ट वर्ष संपताना लक्षात ठेवावी अशी आहे. वरच्या वर्गात गेल्यावर आधीच्या वर्गाची वही पालकांना महिनाभरच दिसते, नंतर ती बंद होते, आणि याची सूचना त्या २३ सूचनांच्या गर्दीत एकदाच येते. मी दुसरीची सगळी वही वेळेत उतरवून घेतली. मात्र प्रत्येक फाइलचे नाव म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ आहे, तारीख नाही की विषय नाही, त्यामुळे वजाबाकीचे ते अर्धे मिनिट शोधण्यासाठी मला एकेचाळीस फाइली उघडाव्या लागल्या.