पाय पूर्ण उघडून दाखवा

बंदूक टेकवायच्या दोन टेकूंसाठी २८० डॉलर रोख दिले आणि पावती मागितली नाही. ते पैसे परत मिळणार नाहीत. हे लिहितोय ते शिकारीला नव्याने लागलेल्या आपल्या लोकांसाठी. इथे कोलोरॅडोत तसे आता बरेच दिसतात, आणि मला टोपी घालणाऱ्याची युक्ती इतकी साधी होती की ती पुढच्यालाही सहज घालता येईल.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. भाताची राखण करताना ती माळ्याच्या आडव्या वाशावर टेकवून ते रात्र काढायचे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद झाली, त्यामुळे मी नेम धरायला शिकलो तो चाळिशी उलटल्यावर, फोर्ट कॉलिन्समध्ये. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, तो केला. (मी ग्रीन कार्डवर आहे. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला एरवी केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर दुकानात जाण्याआधी वकिलाला विचारा.)

तीन वर्षं अर्ज केल्यावर वायोमिंगच्या सोडतीत प्रॉन्गहॉर्नसाठी नंबर लागला. हरणासारखा दिसणारा हा प्राणी उघड्या माळावर राहतो आणि त्याची नजर इतकी तेज असते की दोनशे यार्डांच्या आत जाऊ देणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणजे टेकू हवा. झोपून मारायचं तर नळीखाली दोन पायांचा बायपॉड. पण तिथे सेजब्रशची झुडपं गुडघ्याएवढी असतात, झोपलात की समोर फक्त पाला. तेव्हा बसून मारायचं आणि त्यासाठी तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड. मला दोन्ही हवे होते आणि खर्च करायचा नव्हता. फसणाऱ्याची तयारी बहुतेक वेळा अशी घरूनच झालेली असते.

एप्रिलमध्ये एका गन शोला, म्हणजे बंदुका आणि त्यांचं सामान विकणाऱ्यांच्या बाजाराला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर साठीचा, मऊ बोलणारा माणूस होता. कुठला, काय करतोस, पहिलीच शिकार का, सगळं आपुलकीने विचारलं. दुकान बंद करतोय, उरलेला माल काढतोय म्हणाला. बायपॉडवर हॅरिस हे नाव होतं. केंटकीतल्या या जुन्या कारखान्याचा बायपॉड इथल्या निम्म्या शिकाऱ्यांच्या बंदुकीखाली दिसतो, त्यामुळे नाव वाचूनच मी सैल पडलो. ट्रायपॉड काळ्या विणीचा, ‘पूर्ण कार्बन फायबर, चार पौंड’. चांगला कार्बन ट्रायपॉड ५०० डॉलरच्या खाली सहसा येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी दोन्ही मिळून २८० ऐकल्यावर मी स्वतःला हुशार समजलो.

मी विचारलं, किती वजन पेलतो? तो जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. म्हणाला, ऐंशी पौंड. आणि टेबलाखालून वाळूची पिशवी काढून ट्रायपॉडला अडकवली. मग स्वतः त्यावर दोन्ही हातांनी रेटून उभा राहिला. ट्रायपॉड हलला नाही. मी पाकीट काढलं.

आता त्यातली मेख. ट्रायपॉड टेबलावर उभा होता, त्यामुळे बुटका असणं स्वाभाविक वाटलं. त्याचे फक्त वरचे, जाड नळ्यांचे भाग उभे होते, खालचे बारीक भाग आत सरकवलेले. त्या स्थितीत स्वयंपाकघरातलं स्टूलसुद्धा ऐंशी पौंड पेलेल. शिवाय पेलायचं वजन हा प्रश्नच चुकीचा. दुर्बिणीसकट माझी बंदूक जेमतेम दहा पौंडांची. ती पडेल ही भीती नसते, ती डोलेल ही असते. आणि वजन पेलण्याचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे एकीचे ऐंशी आणि दुसरीचे ऐंशी सारखे नसतात.

डोलणं म्हणजे किती? कागद घेऊन करून बघा. खांद्यापासून टेकूपर्यंत अर्धा मीटर अंतर धरा. टेकू एक मिलिमीटर खाली गेला तर २२० मीटरवर नेम ४४ सेंटिमीटर खाली जातो. प्रॉन्गहॉर्नच्या छातीतली मर्माची जागा असते साधारण वीस सेंटिमीटरची.

बायपॉडने जूनमध्येच रंग दाखवला. रेंजवर शंभर यार्डांवर माझ्या गोळ्या दीड इंचात बसायच्या, त्या पाच इंचांत विखुरल्या. बायपॉडवर मारताना दस्त्याला खांदा लावून बंदूक किंचित पुढे रेटतात, म्हणजे पाय जमिनीत घट्ट बसतात. मी रेटलं की डावा पाय खाचेतून हळूच एक घर सुटायचा आणि बंदूक तिरकी व्हायची. तिरकी बंदूक गोळी बाजूला आणि खाली टाकते. मला हे काही कळलं नाही. नवख्याला पहिला संशय स्वतःचा येतो, आणि असा माल विकणाऱ्याचं निम्मं भांडवल हेच. मी तीन प्रकारची काडतुसं आणली, दुर्बिणीच्या कड्या बदलल्या, श्वास धरायचे व्यायाम केले. बायको म्हणाली, चष्म्याचा नंबर तपासून ये. तोही तपासला.

शेवटी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने, ज्याने मला हा नाद लावला, स्वतःचा बायपॉड काढून माझ्या बंदुकीला लावला. गोळ्या पुन्हा दीड इंचात. म्हणाला, तुझ्या बायपॉडमधली स्प्रिंग गेलीय, परत पाठव.

विक्रेत्याने तेव्हा फोन उचलला! फार वाईट वाटलं म्हणाला. एक टपालपेटीचा पत्ता दिला, पाठव, दुसरा देतो. मी स्वखर्चाने पाठवला. म्हणजे माझ्याकडचा एकमेव पुरावा मीच टपाल भरून त्याच्या हवाली केला. महिनाभर ‘पुढच्या आठवड्यात’ चाललं, मग तो नंबर बंद. पाठवण्याआधी सहज फोटो काढले होते. पुढे खरा हॅरिस विकत घेतला तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघितले. माझ्या बायपॉडवरची अक्षरं उथळ आणि ठोकळ, ओतीव भागांच्या कडा न घासलेल्या, आणि पायाची खाच गोल झालेली. नुसती नक्कल.

त्यानंतरही ट्रायपॉडवर माझा विश्वास कायम होता, हे सांगायला लाज वाटते. बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर, तो छान उभा राहायचा.

ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्याबरोबर वायोमिंगमधल्या शर्ली बेसिनला गेलो, मेडिसिन बो गावाच्या उत्तरेला. तिथला वारा थांबत नाही. पहाटे ट्रायपॉड उचलला तर हाताला गारठ्याने चटकाच बसला. तिथेच कळायला हवं होतं, कार्बन धातूसारखा हाताला डसत नाही. आठच्या सुमाराला २४० यार्डांवर एक नर आडवा उभा राहिला. मी बसलो, पाय पूर्ण उघडले, बंदूक ठेवली. आणि दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यावरून पोटाकडे उतरायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी, संथ. एका पायाची, नळी आवळून धरणारी पिळाची कडी धरत नव्हती. मी थांबायला हवं होतं. मी हाताने बंदूक वर उचलून धरली आणि घोडा दाबला.

गोळी मागे आणि खाली लागली. अडीच तास आम्ही त्याच्या मागे होतो. शेवट शेजाऱ्याने केला, मी नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि परतीच्या वाटेवर लॅरमीपर्यंत आम्ही काही बोललोही नाही. पैशाचं सोडून देता येतं. ते अडीच तास नाही.

घरी आल्यावर भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा काढला. चार पौंडांचा ट्रायपॉड सहा पौंड सात औंस भरला. एका पायाचं रबरी बूट फिरवून काढलं आणि नळीचा कापलेला काठ पाहिला. चकचकीत ॲल्युमिनियम. सुरीने खरवडलं तर कार्बनची वीण चॉकलेटच्या कागदासारखी सोलून आली.

तक्रार केली, केंद्रीय व्यापार आयोगाकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, दोन्हीकडे संकेतस्थळावरून. नोंद झाली, एवढंच. कार्डाने पैसे भरले असते तर निदान बँकेशी वाद घालता आला असता. शोच्या आयोजकांनी सांगितलं, टेबल भाड्याने देणं आमचं काम, मालाची जबाबदारी विकणाऱ्याची.

आता मी ट्रायपॉड कसा बघतो ते सांगतो. सगळे पाय शेवटपर्यंत उघडून कडक फरशीवर उभा करायचा आणि माथा मुठीत धरून पिळायचा, धुणं पिळतो तसा. वजन टांगून काही कळत नाही, पिळल्यावर कळतं. पायाचे तीन तुकडे चारांपेक्षा बरे, कारण प्रत्येक सांधा थोडी ढिलाई आणतो. मधला वर-खाली होणारा दांडा नकोच. बंदूक पकडणारा चिमटा आपल्याच बंदुकीच्या खालच्या पट्टीवर तिथल्या तिथे लावून बघायचा. आर्का नावाच्या पट्ट्या साधारण ३८ मिलिमीटरच्या असतात, पण खटक्याचे चिमटे एकाच्या पट्टीवर घट्ट आणि दुसऱ्याच्या पट्टीवर सैल बसतात. आणि नळीचा काठ बघायचा, विक्रेत्याला कितीही राग येवो.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याच शोला पुन्हा गेलो. तो नव्हता. पण दुसऱ्या रांगेत एका तरुण मुलाच्या टेबलावर तसाच बुटका ट्रायपॉड उभा होता, खाली वाळूची पिशवी टांगलेली. एक जोडपं कौतुकाने बघत होतं. मी म्हटलं, पाय पूर्ण उघडून खाली फरशीवर ठेवशील का?

तो म्हणाला, इथे तेवढी जागा नाही.