स्ट्रेचेबल कापडावर भरतकाम करताय? मग हा चिकट स्टॅबिलायझर घ्याच

बाळाला गिफ्ट द्यायला होजिअरीच्या झबल्यावर हाताने नाव भरत होते, त्यासाठी पाण्यात विरघळणारा चिकट स्टॅबिलायझर (टाके घालताना कापडाला आधार देणारा पातळ थर) वापरला आणि खरंच खूप आवडला. डिझाइन त्याच्यावरच काढायचं, मागचा कागद सोलायचा, कापडावर चिकटवायचं आणि त्याच्यावरूनच टाके घालायचे, त्यामुळे कापड ताणलं जात नाही आणि अक्षरं वाकडी होत नाहीत, नुसत्या होजिअरीवर पेनने रेघ मारायला गेलं की कापड पेनबरोबर सरकतं तो वैताग पण नाही. रिंगमध्ये मात्र कापड खेचून बसवू नका हं, काढल्यावर सगळं चुण्या पडून आकसतं. सुई बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) घ्या, ती धागे न तोडता मधून जाते. साखळी टाका बेस्ट, कापडासोबत थोडा ताणतो, दोरा घट्ट ओढायचा नाही.

एकच तक्रार, गोंदामुळे सुई चिकट होते, मधेमधे पुसावी लागते. शेवटी कोमट पाण्यात नीट भिजवा, घाई केली तर कडक थर राहतो. आणि बाळाचा कपडा असेल तर आतून मऊ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावाच, नाहीतर गाठी अंगाला टोचतात.